गोलकीपर कोच (अमेरिकन कॉलेजांचा महिला सॉकर)

अमेरिकेतल्या कॉलेजच्या महिला सॉकर टीममध्ये गोलकीपर पोरींना तयार करणारा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी नवीन कीपर हुडकून आणणारा जो माणूस असतो (किंवा बाई असते) तो गोलकीपर कोच. सॉकर म्हणजे आपला फुटबॉलच, तिकडे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी माणसं डोळ्यासमोर येतात म्हणून हे वेगळं नाव. कागदावर पद बहुतेक ठिकाणी असिस्टंट कोच एवढंच असतं, त्याला रिक्रूटिंग को-ऑर्डिनेटर असं शेपूट जोडलेलं असतं, आणि प्रत्यक्षात व्हिडिओ कापणं, कॉर्नर-फ्रीकिकच्या वेळी डिफेन्स कसा उभा करायचा ते बसवणं, बसचं बुकिंग, जेवणाची ऑर्डर हे सगळं त्याच माणसाच्या गळ्यात पडतं.

हे काम आलं कुठून तर १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातून. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही असं हा कायदा म्हणतो, त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या टीम काढाव्या लागल्या आणि सॉकर ही त्यातली सोयीची, कारण एका झटक्यात पंचवीस-तीस मुलींना जागा मिळते. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेची महिलांची पहिली स्पर्धा १९८२ ला झाली. फायनलला नॉर्थ कॅरोलायनाने सेंट्रल फ्लोरिडाला २-० हरवलं, पण सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली हरलेल्या टीमची गोलकीपर किम वायंट. अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला टीमने १९८५ ला इटलीत पहिला सामना खेळला तेव्हाही गोलमध्ये तीच होती. सेंट्रल फ्लोरिडाचे कोच होते जिम रूडी, ते पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांच्या हाताखाली ब्रियाना स्करी घडली, जिने १० जुलै १९९९ ला रोझ बोल स्टेडियममध्ये चीनच्या लिउ यिंगची पेनल्टी अडवली आणि अमेरिकेला वर्ल्डकप मिळाला. सेंट्रल फ्लोरिडाचीच आणखी एक कीपर एमी ऑलमन, लग्नानंतर ग्रिफिन, वॉशिंग्टन विद्यापीठात कोच झाली आणि तिच्याकडे होप सोलो आली, जी शाळेत चक्क फॉरवर्ड खेळायची आणि धो धो गोल करायची. गाण्यात घराणं असतं ना, कीपरांचं बरंचसं तसंच चालतं. गोलमध्ये स्वतः उभं न राहिलेला हेड कोच कीपरला ओरडू शकतो, शिकवू शकत नाही, म्हणून हे पद टिकलं.

टिकलं, पण फुकटात. कित्येक वर्षं टीमला पगारी कोच मोजूनमापूनच ठेवता यायचे आणि त्यावर एक व्हॉलंटियर कोच, म्हणजे बिनपगारी, आणि ती बिनपगारी खुर्ची बऱ्याचदा गोलकीपर कोचचीच असायची. माणूस सकाळी कॉलेजला प्रॅक्टिस घेणार, संध्याकाळी एखाद्या क्लबच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शिकवणार, उन्हाळ्यात कॅम्प घेणार आणि त्यावर घरभाडं भरणार. एनसीएएने जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनमधून, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटातून, हा व्हॉलंटियर प्रकार काढून टाकला, त्या जागा रीतसर कोचिंग स्टाफमध्ये धरल्या. सगळ्यांना लगेच पगार सुरू झाला असं मात्र नाही, कारण जागा ठेवण्याची परवानगी आणि त्यासाठी बजेट या दोन वेगळ्या गोष्टी. शिडी साधारण अशी की आधी स्वतः कॉलेज खेळायचं, मग एमए-एमएस करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट, मग छोट्या कॉलेजात असिस्टंट, मग मोठ्या, मग असोसिएट हेड कोच. दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलतं. हेड कोचची हकालपट्टी झाली की अख्खा स्टाफ बॅगा भरतो, तुझ्या कीपरने कितीही क्लीन शीट (गोल न खाता काढलेले सामने) ठेवल्या असल्या तरी. युनायटेड सॉकर कोचेस ही संघटना गोलकीपिंगचे वेगळे डिप्लोमा देते आणि दर जानेवारीत तिचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे भाषणं ऐकायला जितके येतात तितकेच लॉबीत कॉफी धरून नोकरी शोधायला.

आता रिक्रूटिंग, या कामाचा खरा गाभा. स्ट्रायकर चार घेतल्या तर चारही खेळवता येतात, कोणी विंगवर, कोणी मागे. कीपर एकच खेळते. टीममध्ये तीन-चार कीपर असतात, प्रत्येकीला चार सीझन मिळतात, आणि पहिली कीपर चांगली निघाली तर बाकीच्यांनी करायचं काय? त्यामुळे सगळा हिशोब वर्षांचा असतो. यंदाची नंबर वन कधी पास होणार, तिच्या मागची वाट बघेल की सोडून जाईल, म्हणून अमुक वर्षाच्या बॅचला एक कीपर हवी आणि त्याच्या पुढच्या बॅचला एकही नको. एखादी मुलगी कितीही भारी असली तरी चुकीच्या वर्षी जन्मली तर त्या कॉलेजला तिचा उपयोग नसतो. हे आईबापांना पटवणं फार अवघड, त्यांना वाटतं कोच टाळतोय.

मुली बघायच्या कुठे तर शोकेस टुर्नामेंटमध्ये, म्हणजे कॉलेज कोचांना मुली बघता याव्यात म्हणून भरवलेल्या स्पर्धांमध्ये. ईसीएनएल ही मुलींची क्लब लीग २००९ ला सुरू झाली, २०२० ला यूएस सॉकर या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेने आपली डेव्हलपमेंट अकॅडमी बंद केली तेव्हा गर्ल्स अकॅडमी नावाची दुसरी उभी राहिली, आणि यांच्या शोकेसला एकाच जागी ओळीने मैदानं आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले शेकडो कोच. बाकीचे मिडफिल्डच्या रेषेत बसतात, गोलकीपर कोच गोलच्या मागे तिरक्या कोपऱ्यात उभा असतो आणि सामन्याच्या अर्धा तास आधी येतो, कारण सामन्यात चांगल्या टीमच्या कीपरला नव्वद मिनिटांत दोन शॉट येतील नाहीतर तेही नाही. वॉर्मअपमध्ये शंभर बॉल दिसतात. बॉल पकडताना दोन्ही अंगठे जवळ येऊन हाताचा डब्ल्यू होतो का, डाइव्ह मारताना पहिलं पाऊल पुढे तिरकं पडतं का मागे, शॉट मारला जायच्या क्षणी पाय जमिनीवर स्थिर आहेत का अजून उड्या चालू आहेत, पडल्यावर उठते कशी. मग सामन्यात बॉल पलीकडच्या गोलपाशी असताना ती कुठे उभी आहे ते बघायचं. पेनल्टी एरियाच्या बाहेर येऊन डिफेन्सला आवाज देत असेल तर वहीत टिक, पोस्टला टेकून वेणी नीट करत असेल तर वही बंद. आणि गोल खाल्ल्यावरची दहा सेकंदं! हात हवेत टाकून डिफेंडरकडे बघणारी पोरगी कुठल्याच कोचला नको असते. उंची बघतात, खोटं कशाला बोलायचं, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच गोल बायकांसाठी काही वेगळा नसतो. पण हल्ली पायही तितकेच बघतात, कारण १९९२ ला बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल, हाताने घ्यायला बंदी आल्यापासून कीपर ही अकरावी खेळाडू झाली आहे.

भेटायचं-बोलायचं मात्र मनाला येईल तेव्हा नाही. पूर्वी आठवी-नववीतल्या पोरी तोंडी शब्द देऊन मोकळ्या व्हायच्या, चौदा वर्षांच्या मुलीची उंची किती होणार हे देवाला माहीत आणि कोच तिला पुढच्या चार वर्षांचं वचन देतोय असला प्रकार. २०१९ मध्ये डिव्हिजन वनने नियम केला की दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचने मुलीला फोन, मेसेज, ईमेल काही करायचं नाही आणि कॉलेजभेट १ ऑगस्टनंतर. त्यामुळे १४ जूनच्या रात्री कोच लोक याद्या लावून बसतात आणि बारा वाजले की मेसेज सुटतात, आणि तिकडे पोरी फोन हातात धरून जाग्या. वर्षातले काही दिवस डेड पीरियड, म्हणजे समोरासमोर भेटच बंद.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरातली मुलगी क्लब सॉकर खेळत असेल तर हे आईवडिलांनी आधीच समजून घेतलेलं बरं, कारण आपल्याकडे स्पोर्ट्स कोटा म्हणजे सर्टिफिकेट जोडलं की झालं असा समज असतो. तिकडे कोचला ईमेल मुलीनेच लिहायचा असतो, आईने लिहिलेला तीन ओळींत ओळखू येतो. आणि स्कॉलरशिप म्हणजे सगळी फी माफ असंही नाही. डिव्हिजन वनला कित्येक वर्षं अख्ख्या टीममध्ये मिळून १४ स्कॉलरशिप वाटायला असायच्या, त्या तुकडे करून पंचवीस जणींत जायच्या, आणि डिव्हिजन थ्री या खालच्या गटात खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. कोचच्या यादीत नाव आलं की अ‍ॅडमिशन सोपी होते हे मात्र खरं, आणि याच फटीतून २०१९ चं मोठं अ‍ॅडमिशन लाचकांड घुसलं. त्यात येल विद्यापीठाच्या महिला सॉकर टीमच्या मुख्य कोचने लाच घेऊन सॉकर न खेळणाऱ्या मुलीला रिक्रूट म्हणून दाखवल्याचा गुन्हा कबूल केला.

गेल्या काही वर्षांत गणित पार बदललं. ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, मग बाकावर बसलेली दुसऱ्या नंबरची कीपर डिसेंबरमध्ये नाव टाकते आणि जानेवारीत दुसऱ्या कॉलेजात, आणि कोचलाही शाळकरी मुलीवर तीन वर्षं घालवण्यापेक्षा वीस वर्षांची तयार कीपर परवडते. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या हाउस खटल्याच्या जून २०२५ च्या समझोत्यानंतर, तो मान्य केलेल्या कॉलेजांत, १४ स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण महिला सॉकरची टीम २८ जणींवर बंद झाली. माझ्या मते याचा पहिला फटका चौथ्या कीपरला, जी कधी खेळायची नाही पण रोज प्रॅक्टिसला दुसऱ्या गोलमध्ये उभी राहायची, आणि तिच्याशिवाय शूटिंगची प्रॅक्टिसच नीट होत नाही हे ज्याने कीपर शिकवलेत त्यालाच कळतं.

रोजचं काम अंगावर येणारं असतं. सीझन ऑगस्टपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास प्रॅक्टिस, आणि त्यात कोच स्वतः शेकडो बॉल मारतो, कारण सर्व्हिस, म्हणजे कीपरकडे मारलेला बॉल, वाईट असेल तर ड्रिल वाया. त्यातून बरेच कोच चाळिशीत कंबर धरून चालतात. शिवाय न खेळणाऱ्या दोघी-तिघींचं मन सांभाळायचं, ते कुठल्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत. पेनल्टीची माहिती जमवायची, कोण कुठल्या कोपऱ्यात मारते, आणि पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. तरी नशीब लागतंच. २०२२ च्या मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपला अमेरिकेची टीम, म्हणजे कॉलेज कोचांच्या याद्यांमधल्या पोरी, आपल्या नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजेरियाशी १-१ बरोबरीत सुटली आणि शूटआउटमध्ये ४-३ ने बाहेर पडली.

एमी ग्रिफिनचं नाव शिकवण्याखेरीज आणखी एका गोष्टीसाठी गाजलं. कीपर दिवसभर कृत्रिम टर्फवर लोळतात, त्यातला जुन्या टायरांचा काळा भुगा तोंडात, केसांत, खरचटलेल्या कोपरात जातो. ओळखीतल्या तरुण कीपरांना लागोपाठ कॅन्सर झालेला बघून तिने नावांची यादी ठेवायला सुरुवात केली, २०१४ मध्ये ती टीव्हीच्या बातम्यांत आली आणि देशभर चर्चा पेटली. वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्याने तिची यादी तपासून जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं की कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसत नाही. यादीत कीपरच इतक्या का, हा प्रश्न काही पालक अजून विचारतात.

करिअर कुठे जाऊन पोचतं याला ठराविक वाट नाही. महिला टीमचे हेड कोच आजही जास्त करून पुरुषच आहेत, आणि किम वायंट मात्र २०१५ ला न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पुरुषांच्या टीमची हेड कोच झाली. ग्रिफिन अमेरिकेच्या कर्णबधिर महिला टीमची हेड कोच झाली. या फुटबॉलमध्ये सामन्याआधी सगळ्यांना कानातलं यंत्र काढून ठेवावं लागतं, त्यामुळे कीपरने मागून "माझा!" म्हणून कितीही ओरडलं तरी पुढच्या डिफेंडरला कळत नाही, तिला मान वळवून बघावंच लागतं.