कोल्हापूरची तळी आणि त्यांचं संवर्धन

कोल्हापूर शहरातली आणि लगतची लहानमोठी तळी, तीर्थं, खणी, आणि त्यातलं जे उरलंय ते वाचवायची खटपट. रंकाळा, कोटितीर्थ, राजाराम तलाव, कळंबा ही टिकलीत. कपिलतीर्थावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्यात शाहू स्टेडियम उभं राहिलं. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साठतं ते उगाच नाही, जागा मुळात तळ्याचीच.

रंकाळ्याच्या उगमाबद्दल मात्र एकमत नाही. नेहमी सांगतात ते असं की इथे दगडाची खाण होती, साधारण आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला, जमिनीतले झरे मोकळे झाले नि खाण भरली, नाव रंकभैरव या देवावरून. पण शिलाहार राजा गंडरादित्याने बाराव्या शतकात बांधलेल्या जैन बस्त्यांना, म्हणजे मंदिरांना, दगड इथूनच गेला असंही सांगतात, आणि ते खरं धरलं तर तोवर खाण कोरडी, निदान काही भागात तरी चालू असणार, म्हणजे भूकंपाचा काळ पुढे तरी ओढावा लागतो नाहीतर पाणी हळूहळू वाढत गेलं असं मानावं लागतं. हे दुसरं जास्त पटतं. याच राजाने मिरज भागात इरुकुडीला गंडसमुद्र नावाचं तळं बांधल्याचा कोरीव लेख आहे, पण म्हणून रंकाळाही त्याचाच असं काही ठरत नाही.

हा वाद नुसता इतिहासाचा नाही. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांतून पिण्याचं पाणी, सिंचन, करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलीत, त्यामुळे तळं खणलं कुणी नि कशासाठी हा प्रश्न थेट संरक्षणाशी येऊन भिडतो. त्यात इस्रोच्या 2011 च्या देशव्यापी नकाशात 2.25 हेक्टरपेक्षा लहान पाणथळी नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्यात, हद्द नाही, आणि भराव पडतो तो अशाच जागांवर.

उपाय करताना आधी सांडपाण्याचा नाला अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचा. ते न करता केंदाळ (जलपर्णी) काढलं तर पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस तसंच राहतं नि केंदाळ परत माजतं, किंवा शेवाळाने पाणी हिरवंगार होऊन वास सुटतो, रंकाळ्याने हे सोसलंय. गाळ एकदम सगळा काढू नये. काठाला सगळीकडे दगडी भिंत घातली की उथळ पाणी नि पाणगवत जातं, बगळे-पाणकोंबड्यांना जागा उरत नाही. रंकाळ्यालगतच्या परताळ्याचा उथळ भाग म्हणून फार मोलाचा. गणेश विसर्जनाचा बराच भार आता इराणी खणीवर घेतात. ही खणही जुनी दगडाचीच.