लकडी पुलाखाली वाहते ती मुठा, मुळा-मुठा नव्हे

मुठा पुणेकराला वेगळी सांगायला नको. खडकवासल्यातून सुटते, सिंहगड रस्त्याच्या कडेने येते, लकडी पूल, भिडे पूल, शिवाजी पूल आणि मग मुळेशी संगम. तरी दर पावसाळ्यात बातमी तीच: ‘मुळा-मुठेला पूर, भिडे पूल पाण्याखाली’. हे वाचून दरवेळी चीड येते. संगमाच्या वर मुळा-मुठा नावाची नदीच नाही. ती तिथून पुढची. बंडगार्डन, मुंढवा करत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळणारी.

मुळा मुळशीकडून येते. पौड, बालेवाडी, औंध, दापोडीला पवनेला पोटात घेऊन खडकी, मग संगम. (राहुरीच्या धरणाची मुळा निराळी, ती प्रवरेला मिळते.)

नावाचा हा घोळ का सोडून देऊ नये, तर धरणं वेगळी आहेत म्हणून. टेमघर, पानशेत, वरसगाव या तिन्हींचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथला विसर्ग फक्त मुठेत उतरतो. तो आकडा वाढला की घाबरायचं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीने, भिडे पुलाने, नदीपात्रातल्या रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांनी. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं ते मुठेचं. औंध, सांगवी, बोपोडीत राहणाऱ्याने मात्र मुळशी आणि पवना धरणांचे आकडे पाहावेत. खडकवासल्याचा विसर्ग कमी झाला म्हणून तिथे निर्धास्त होणं धोक्याचं आहे. दोन्हींकडचा हिशोब एकत्र मांडायचा तो संगमाखाली, येरवड्याच्या बाजूला. त्यामुळे ‘नदीची पातळी वाढली, सतर्क राहा’ एवढाच निरोप पुढे ढकलणं मला बेजबाबदार वाटतं. कोणती नदी, कोणतं धरण, हे त्यात हवंच.

मुळशीचं बरंचसं पाणी तर मुळेत येतच नाही. वीजनिर्मितीसाठी ते सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरवलं जातं. याच टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं.

आणि पानशेतचा पूरही मुठेचाच. पानशेत धरण आंबी नदीवर, पण आंबीचं पाणी मुठेला येतं. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नारायण, शनिवार पेठांत शिरला तो मुठेचा लोंढा. औंधाकडून येणाऱ्या मुळेचा त्यात काही संबंध नव्हता. त्या पुराला ‘मुळा-मुठेचा पूर’ म्हणणारे लेख आजही छापून येतात.