फाट्यावरचा ब्लॉक: एक स्टेंट की दोन?

हृदयाच्या धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे चरबीचा थर धरण्याची शक्यता जास्त असते. फाट्याच्या टोकावर रक्त जोरात आदळतं, त्यामुळे तो भाग सहसा स्वच्छ राहतो. समोरच्या, बाहेरच्या भिंतींपाशी मात्र प्रवाह रेंगाळतो आणि थर तिथेच साचू लागतो. अँजिओप्लास्टी केल्या जाणाऱ्या ब्लॉकपैकी साधारण १५ ते २० टक्के असे फाट्यावरचे असतात.

स्टेंट ही धमनी उघडी ठेवणारी, धातूच्या जाळीची, एका मापाची सरळ नळी असते आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. दोन शाखा ३ आणि २.५ मिलिमीटर व्यासाच्या असतील, तर फाट्याआधीची मुख्य धमनी सुमारे ३.७ मिलिमीटरची असते. पुढच्या भागाच्या मापाने घेतलेला स्टेंट मागे सैल राहतो. म्हणून तो बसवल्यावर फाट्याआधीच्या भागात मोठा, आखूड फुगा फुगवून त्याला भिंतीशी टेकवावं लागतं. वेळ फारसा लागत नाही, पण ही पायरी कधीच गाळू नये.

सर्वात साधी पद्धत म्हणजे मुख्य धमनीत एकच स्टेंट. बाजूच्या शाखेत फक्त तार घालून ठेवायची आणि तिथला प्रवाह खरोखर अडला तरच दुसरा स्टेंट टाकायचा. मुख्य स्टेंट फुगला की फाट्याचं टोक किंचित सरकतं, शाखेचं तोंड लांबट होतं आणि अँजिओग्राफीत ते भयंकर अरुंद दिसतं. हे चित्र किती फसवं असतं, हे कोरियातल्या डॉक्टरांनी २००५ साली दाखवून दिलं. अँजिओग्राफीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद दिसणाऱ्या ७३ शाखांमध्ये त्यांनी तारेने दाब मोजला. रक्तपुरवठा खरोखर कमी पडत होता तो फक्त २० शाखांमध्ये! केवळ चित्र पाहून दुसरा स्टेंट टाकण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही.

चाचण्यांचा कौलही आधी एकाच स्टेंटकडे होता. २००६ च्या नॉर्डिक चाचणीत ४१३ रुग्ण होते आणि सहा महिन्यांनी एक स्टेंट आणि दोन स्टेंट अशा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ५०० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत तर दोन स्टेंटच्या गटात हार्ट अटॅक जास्त आढळले.

पण शाखा मोठी असेल, हृदयाच्या बऱ्याच स्नायूंना रक्त पुरवत असेल आणि तिच्यात ब्लॉक लांबवर पसरला असेल, तर हिशोब बदलतो. अशा वेळी दोन स्टेंटच्या अनेक पद्धती आहेत. ‘टी’ पद्धतीत शाखेचा स्टेंट नेमका तोंडाशी संपवतात. शाखा काटकोनात फुटत नसेल तर तिथे थोडी जागा उघडी राहते आणि पुढे नेमकं तिथेच आकुंचन येऊ शकतं. ‘क्युलॉट’मध्ये दोन्ही स्टेंट मुख्य धमनीत एकमेकांच्या आत बसतात. ‘डीके क्रश’मध्ये शाखेचा स्टेंट मुख्य धमनीत जरा बाहेर ठेवून फुग्याने चेपतात. मग शाखेत पुन्हा तार घालून दोन फुगे एकदम फुगवतात, मुख्य स्टेंट बसवतात आणि दोन फुगे पुन्हा एकदा फुगवतात. काम किचकट आहे, हात सरावलेला लागतो.

डीके क्रश पद्धत चीनमधल्या नानजिंगच्या शाओ-लिआंग चेन यांच्या गटाने पुढे आणली. डाव्या मुख्य धमनीच्या (हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीच्या) फाट्यावर त्यांनी ४८२ रुग्णांची चाचणी केली. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीमुळे हार्ट अटॅक किंवा त्याच जागी पुन्हा उपचार, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण एका स्टेंटच्या गटात १०.७ टक्के होते, तर डीके क्रशच्या गटात ५ टक्के.

२०२१ साली युरोपातल्या ४६७ रुग्णांच्या चाचणीत मात्र उलटं चित्र दिसलं. तिथे दोन स्टेंटच्या गटात १७.७ टक्के, तर एका स्टेंटपासून सुरुवात केलेल्या गटात १४.७ टक्के रुग्णांना त्रास झाला. हा फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता, पण दोन स्टेंटचा फायदाही दिसला नाही. या दोन निकालांना एकमेकांविरुद्ध उभं करणं चुकीचं ठरेल. युरोपच्या चाचणीत शाखेतले ब्लॉक बरेच आखूड होते आणि डीके क्रश फार थोड्या रुग्णांमध्ये वापरलं गेलं होतं.

पद्धत कोणतीही असो, तार स्टेंटच्या कोणत्या जाळीतून शाखेत शिरली यावर पुष्कळ काही ठरतं. फाट्याच्या टोकाजवळच्या जाळीतून शिरली, तर फुगा फुगवल्यावर शाखेच्या तोंडावर धातूच्या काड्या आडव्या राहत नाहीत. अँजिओग्राफीत हे कळत नाही. धमनीच्या आतून प्रकाशाने चित्र घेणाऱ्या ओसीटीत ते स्पष्ट दिसतं. २०२३ साली १,२०१ रुग्णांच्या ‘ऑक्टोबर’ चाचणीत ओसीटी पाहून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर दोन वर्षांत १०.१ टक्के रुग्णांना हृदयाचा गंभीर त्रास झाला. केवळ अँजिओग्राफीवर विसंबून केलेल्या गटात हेच प्रमाण १४.१ टक्के होतं.