अमेरिकेतील पोलीस सुधारणा आणि कृष्णवर्णीय मतदार

पोलिसांच्या अधिकारांना लगाम असावा, त्यांच्या वागणुकीची बाहेरच्या यंत्रणेकडून चौकशी व्हावी आणि गुन्हा केलेल्या पोलिसाला शिक्षा व्हावी, या मागण्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदार अनेक दशके करत आले आहेत. त्यांची दुसरी मागणीही तितकीच जुनी आहे, पण ती फारशी ऐकली जात नाही. आमच्या वस्तीतून फोन गेला तरी पोलीस वेळेवर यावेत, आणि आमच्या माणसाचा खून झाला तर खुनी सापडावा, ही ती मागणी. एकाच घरातले लोक या दोन्ही गोष्टी एकाच दमात मागतात. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांनी मात्र बहुतेक वेळा यातली सोयीची तेवढीच उचलली.

१८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि पुढची साठेक वर्षे ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी एकनिष्ठ राहिले. मंदीच्या काळात, १९३६ च्या निवडणुकीत, त्यांच्यातील बहुसंख्य डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टकडे वळले. १९६४ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायदा केला. त्याच्या विरोधात मत दिलेले सिनेटर बॅरी गोल्डवॉटर हे त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. तेव्हापासून दहांतली आठ-नऊ कृष्णवर्णीय मते डेमोक्रॅटिक पक्षाला पडत आली आहेत. अशा गठ्ठा मतदानात एक पक्ष मतदाराला गृहीत धरतो आणि दुसरा त्याच्या दारापर्यंत जात नाही. पोलिसांच्या प्रश्नात याची किंमत फार मोठी ठरली.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापला, तोच पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी. कायद्याने मुभा असलेल्या बंदुका घेऊन हे तरुण पोलिसांच्या गाड्यांमागे फिरत आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क सांगत. (१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच संघटनेवरून घेतले.) १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूआर्क आणि डेट्रॉइट ही शहरे दंगलींनी पेटली. दोन्हीकडे ठिणगी पडली ती पोलिसांच्या कारवाईतून, आणि एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली. या दंगलींच्या चौकशीसाठी जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये दिलेल्या अहवालात कृष्णवर्णीयांच्या सर्वांत तीव्र तक्रारींत पोलिसांची वागणूक पहिली नोंदवली, बेकारी आणि घरांच्या प्रश्नाच्याही आधी. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन ‘कायदा आणि सुव्यवस्था’ ही घोषणा देत निवडून आले. अहवाल कपाटात गेला.

पुढची दोन दशके हेरॉइन आणि मग क्रॅक कोकेनची होती. पक्षांची नेमकी पारख करायची तर १९९४ चा गुन्हेगारीविषयक कायदा पाहावा. सिनेटमध्ये तो जो बायडन यांनी पुढे नेला आणि बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. एक लाख नव्या पोलिसांसाठी मदत, तुरुंग बांधायला राज्यांना पैसा, तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला जन्मठेप अशा तरतुदी त्यात होत्या. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कृष्णवर्णीय सदस्यांपैकीही बहुसंख्यांनी त्याच्या बाजूने मत दिले; त्यांच्या मतदारसंघांत रोज गोळीबार होत होता. पण त्यांनी सोबत आणखीही काही मागितले होते. फाशीच्या शिक्षेतील वर्णभेदाला आकडेवारीच्या आधारे आव्हान देता यावे, ही त्यातली महत्त्वाची मागणी. ती अंतिम मसुद्यातून गळली. म्हणूनच ‘हा कायदा तुम्हीच मागितला होता’ असे या समाजाला सुनावणे अन्यायाचे आहे.

याच कायद्यातील एक कलम मात्र पुढे सुधारणेचे मुख्य हत्यार ठरले. एखादे पोलीस खाते सातत्याने नागरिकांचे हक्क तुडवत असेल, तर केंद्रीय न्याय विभागाला त्याच्यावर दावा लावता येतो आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणेचा करार करून घेता येतो. मिझुरीतील फर्गसन येथे ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, आणि न्याय विभागाने त्या खात्याची तपासणी केली. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के होते. अडवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के. दंडाच्या पैशावर नगरपालिकेचे अंदाजपत्रक उभे होते, आणि पोलीस त्या वसुलीला जुंपलेले होते.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये डेरेक शोव्हिन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांची मान नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखाली दाबून त्यांचा जीव घेतला. त्यानंतर ‘पोलिसांचा निधी काढून घ्या’ ही घोषणा देशभर गेली. त्या उन्हाळ्यातील गॅलपच्या पाहणीत ६१ टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या भागात पोलिसांचा वावर आहे तेवढाच हवा असे सांगितले, २० टक्क्यांना तो वाढायला हवा होता आणि १९ टक्क्यांना कमी. दक्षिण कॅरोलिनातील ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी या घोषणेला उघड विरोध केला. २०२१ मध्ये मिनियापोलिसच्याच मतदारांनी पोलीस खात्याच्या जागी नवे खाते आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. या मतांचा अर्थ ‘पोलीस आहेत तसेच बरे’ असा लावणे ही सरळसरळ दिशाभूल आहे.

काँग्रेसमध्ये फ्लॉइड यांच्या नावाचे पोलीस सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ असे दोनदा संमत केले, पण सिनेटमध्ये ते अडकले. रिपब्लिकन पक्षाचे कृष्णवर्णीय सिनेटर टिम स्कॉट यांचे वेगळे विधेयक डेमोक्रॅटांनी अपुरे म्हणून अडवले. पुढे स्कॉट आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर कोरी बुकर व प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कॅरन बास यांच्यात वाटाघाटी झाल्या. त्यातला सर्वांत कठीण मुद्दा पोलिसाला वैयक्तिक भरपाईच्या दाव्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा होता. न्यायालयांनी निर्माण केलेल्या या तत्त्वानुसार, तसेच वर्तन घटनाबाह्य असल्याचे पूर्वीच्या निकालांतून स्पष्ट झालेले नसेल, तर दावा बहुधा टिकत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये बोलणी फिसकटली. बायडन यांनी २०२२ मध्ये आदेश काढून केंद्रीय पोलिसांपुरत्या काही सुधारणा केल्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला, आणि त्या मे महिन्यात न्याय विभागाने मिनियापोलिस व केंटकीतील लुइव्हिल येथील पोलीस खात्यांशी ठरलेल्या सुधारणेच्या करारांतून अंग काढून घेतले.

वॉशिंग्टनमध्ये असे घडत असले, तरी देशातील सुमारे १८,००० पोलीस यंत्रणांपैकी बहुतेक गाव, शहर किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) ताब्यात आहेत. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, आणि सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडून येतात, आणि पोलीस प्रमुख कोण हे बऱ्याच शहरांत महापौर ठरवतो. या निवडणुकांना मतदान कमी होते, म्हणून थोड्या मतांनीही निकाल फिरतो. ब्राउनच्या मृत्यूवेळी काउंटीचे सरकारी वकील असलेले बॉब मॅकलॉक २०१८ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत वेस्ली बेल यांच्याकडून हरले. २०२० मध्ये फर्गसनने एला जोन्स यांना निवडले. त्या गावाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर.