मोरी खायची की शिकायची?

बारावी झाल्यावर भाचीने घरात जाहीर केलं की तिला समुद्री जीवशास्त्र शिकायचंय, आणि तेही शार्कसाठी. मालवणच्या घरात पहिली प्रतिक्रिया आली ती आतेची. तिने आयुष्यभर मासळी विकली. "मोरी खातत गो बाय, शिकतत खयची?" सगळे हसले, भाची रुसली. पण आतेचा प्रश्न काही अडाणीपणाचा नव्हता. 'शार्क' हा शब्द इथे टीव्हीबरोबर आला. त्याआधी होती ती मुशी, आणि सिंधुदुर्गात मोरी. ती कापायची, विकायची, रांधायची. तिला जपायचं ही कल्पना जेमतेम पंचवीस वर्षांची आहे.

मोरीला काटा नाही म्हणून लहान मुलांच्या ताटात ती आधी पडते. काटा नाही, कारण सांगाडाच कूर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. खवल्यांच्या जागी बारीक दातच असतात ते. म्हणून बायका ती गरम पाण्यात बुडवून खरवडतात. जरा शिळी झाली की अमोनियाचा उग्र वास सुटतो. समुद्राच्या खारेपणाशी जुळवून घ्यायला हा मासा अंगात युरिया साठवतो, त्याचा तो परिणाम. त्यावर इलाज भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा. बाळंतिणीला दूध यावं म्हणूनही मुशी देतात. इंग्रजीत एका जातीचं नाव 'मिल्क शार्क' आहे, ते भारतातल्या ह्याच समजुतीवरून पडलं. दूध खरंच वाढतं का, ते आतेला विचारू नये, अर्धा तास जातो.

ताटाच्या पलीकडे मुशीची किंमत होती ती तेलासाठी. इतर माशांसारखा हवेचा फुगा तिच्या पोटात नसतो. पाण्यात तोलून धरतं ते तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत. होड्यांच्या लाकडाला हे तेल चोपडत. मग १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला आणि तिकडचं कॉड लिव्हर ऑइल येईनासं झालं. मुशीच्या यकृतातही अ जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तेल काढायचा धंदा जोरात आला. १९४७ पासून हे जीवनसत्त्व कारखान्यात बनू लागलं आणि तेलाचा भाव उतरला. मुशी तेव्हा सुटली ती कुणाच्या दयेमुळे नाही, रसायनशास्त्रामुळे. तेही फार दिवस नाही. पुढे यांत्रिक ट्रॉलर आले, आणि परदेशातल्या सूपसाठी मुशीच्या वाळवलेल्या परांना गिऱ्हाईक मिळालं.

विज्ञानाची आणि मुशीची गाठही आधी सुरीनेच घातली. कोकणात जाळ्यात नेहमी येणारी छोटी मुशी म्हणजे स्कॉलिओडॉन. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातल्या इवँजेलिन थिलयंपालम यांनी १९२८ मध्ये तिच्या शरीररचनेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यानंतर प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांना मुशी भेटली ती फॉर्मॅलिनच्या वासात, मेणाच्या ट्रेवर टाचलेली. कल्ल्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करून दाखवल्या की प्रॅक्टिकलचे मार्क. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदनाला आवर घातला आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाची सुरुवात १९८१ ची. त्याचं नाव मत्स्य. समुद्राचा अभ्यास म्हणजे मासळीचं उत्पादन, हे त्या काळात गृहीतच होतं आणि त्यात गैरही काही नव्हतं.

'वाचवायचं' हा शब्द इथे आला तो जरा वाकड्या वाटेने. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं सुमारे २९ चौरस किलोमीटर. मच्छीमारांच्या लेखी ते अभयारण्य नव्हतं, पोटावर आलेली बंदी होती. विरोध झाला, कटुता राहिली. माझ्या मते कोकणात पुढे जे काही सावकाश घडलं त्याचं कारण हेच, की आधी नकाशा आला आणि माणसांशी बोलणं नंतर.

शार्कच्या बाबतीत वळण आलं ते गुजरातमधून. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा, यकृतासाठी आणि मांसासाठी हुकाने मारले जात होते. बारा मीटरहून लांब वाढणारा हा प्राणी तोंड उघडून पोहतो आणि पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो, माणसाच्या वाटेलाही जात नाही. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती कत्तल देशापुढे आणली. मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, गेला. त्याच वर्षी जुलैत सगळ्याच मुशी आणि पाकटं, म्हणजे मुशीचे चपटे भाऊबंद, पकडायला बंदी आली. किनाऱ्यावर ओरड झाली आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आणावी लागली. कायदा कागदावर राहू नये म्हणून २००४ पासून गुजरातेत मोहीम चालली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला कोण मारणार? माझ्या मते दंडाच्या धाकाने जे झालं नसतं, ते ह्या एका नात्याने केलं.

महाराष्ट्राने नात्याऐवजी थेट जाळ्याचा हिशेब धरला. डिसेंबर २०१८ पासून इथे संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा. जाळं हे नाखव्याचं भांडवल, ते कापायला सांगायचं तर पैसे द्यायलाच हवेत. मोबाइलमुळे दुसरीही गोष्ट झाली. जे दृश्य पूर्वी होडीवरच्या चार माणसांपुरतं असे, ते आता गावभर फिरतं. भाचीचं वेड अशाच एका व्हिडिओतून लागलं. ठिपक्यांची ती भलीमोठी पाठ, बाजूला सुरी घेतलेला खलाशी, आणि मग नुसतं पाणी.

भीतीही आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत मुशीने एका मच्छीमाराचा पाय फोडला, तेव्हा घरात आठवडाभर तेच चाललं होतं. भाचीने तेव्हा सगळ्यांना ऐकवलं की मुशीची काही मंडळी गोड्या पाण्यातही शिरतात. त्याने कुणाचं समाधान झालं नाही.

स्कॉलिओडॉन त्या संरक्षित यादीत नाही, त्यामुळे मोरीची आमटी आमच्याकडे अजून होते. भाचीही खाते, पण आधी मापाची टेप लावून. मे अखेरीस, पावसाळी बंदी लागायच्या आधी, आतेने दारात एक मोरी चिरली. पोटात पिल्लं होती, बोटाएवढी, नाळेसकट. हा मासा अंडी घालत नाही. त्याचं पोटातलं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं आणि पिल्लू आईच्या रक्तावर वाढतं. भाची वहीत आकडा लिहीत होती. अकरा.

"अकरा नाय, बारा," आते म्हणाली. "एक तुझ्या पायाखाली आसा."