जागा घेतली की नुसतं दिसणं घेतलं? फ्लॅट रेट आणि सीपीएम

गेल्या एप्रिलात देवगडच्या मामांनी हापूसच्या पेट्यांसाठी एका न्यूज साईटवर बॅनर दिला आणि सकाळी चहा घेता घेता साईट उघडून बघतात तर तिथे गाद्यांची जाहिरात. लगेच मला फोन, "अरे मेल्या, पैसे भरलंय मा, मगे माझे आंबे खंय?"

मामांच्या डोक्यात नांदगाव तिठ्यावरचं होर्डिंग. महिन्याचं भाडं दिलं की बोर्ड आपला, समोरून १० एसट्या जावोत नाहीतर १०००. वेबसाईटवर पण अशी जागा मिळते, तो फ्लॅट रेट, छोट्या लोकल साईटवाले बरेचदा असंच देतात. १९९४ ला हॉटवायर्ड या अमेरिकन वेबसाईटवर ते सुरुवातीचे बॅनर लागले तेही असेच भाड्याने.

पण मामांनी घेतलेलं सीपीएमवर, आणि तिथे जागा विकतच नाहीत, दिसणं विकतात, १००० वेळा दाखवायचे अमुक रुपये (सीपीएम म्हणजे कॉस्ट पर मिल, यातला एम म्हणजे रोमन आकड्यांतला हजार). कोणी पान उघडलं की त्या चौकोनात कोणाची जाहिरात टाकायची याचा बऱ्याचदा तिथल्या तिथे लिलाव होतो, आपल्याकडे बंदरावर मासळीचा होतो तसाच, फक्त इथे पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. त्यात मामांची जाहिरात सेट केलेली पुणे-मुंबईसाठी आणि मामा बसलेत देवगडात, मग त्यांना दिसणार कशी? त्यांच्यासाठी बोली गादीवाल्याने लावलेली!

आता हिशोब बघा. ५,००० रुपये, सीपीएम ५० असेल तर १ लाख वेळा दिसणार. तेच ५,००० महिन्याच्या फ्लॅट रेटला दिले आणि बॅनर महिन्यात २०,००० वेळाच दिसला तर हजारी २५० पडले, पाचपट. म्हणून फ्लॅट घेताना आधी महिन्याचे पेज व्ह्यूज विचारा, साईटवाला उगाच "खूप ट्रॅफिक आहे" म्हणाला तर आकडा मागा.

सीपीएममध्ये गोम वेगळी आहे, बॅनर पानाच्या तळाशी असला आणि माणूस तिथवर गेलाच नाही तरी आकडा चढू शकतो. त्यामुळे व्ह्यूएबल किती ते विचारायचं. साध्या बॅनरला नियम असा की निम्मा भाग सलग १ सेकंद स्क्रीनवर आला की दिसला म्हणायचं.

हे मामांना सांगितलं तर म्हणतात, "एका सेकंदात पेटीचो भाव तरी वाचून होतलो काय रे?"