इंग्लंडची कॅथीड्रल्स : दारातल्या तिकिटामागची गोष्ट

लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल आतून बघायचं तर आज वीस पौंडांहून जास्त मोजावे लागतात. डरमच्या कॅथीड्रलला तिकीट नाही, देणगीची विनंती तेवढी असते. प्रार्थनेला येणाऱ्याकडून मात्र कुठेच पैसे घेत नाहीत. ‘देवाच्या दारात तिकीट कसलं?’ असं पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात येतंच. पण या इमारतींचा इतिहास उलगडत गेलं की लक्षात येतं, पैसे घेण्यात नवीन काहीच नाही. मध्ये काही दशकं ते घेतले जात नव्हते, तोच काळ वेगळा होता.

कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्च, असा सर्रास समज आहे. खरं तर जिथे बिशपचं, म्हणजे त्या विभागाच्या मुख्य धर्मगुरूचं, आसन असतं ते कॅथीड्रल, मग ते आकाराने कितीही असो. चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या राजमान्य धर्मसंस्थेची अशी ४२ कॅथीड्रल्स इंग्लंडमध्ये आहेत. गावोगावची चर्च सुमारे १६ हजार.

२९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांची त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये दुसऱ्या हेन्री राजाच्या सरदारांनी हत्या केली. तीन वर्षांच्या आत पोपने त्यांना संत ठरवलं आणि ११७४ मध्ये खुद्द राजा अनवाणी चालत प्रायश्चित्ताला आला. १२२० मध्ये बेकेट यांचे अवशेष कॅथीड्रलच्या पूर्व टोकाला खास बांधलेल्या भागात हलवले गेले आणि कँटरबरीला रीघ लागली. हौशे, नवशे, गवशे सगळेच. कोणी आजार बरा व्हावा म्हणून, कोणी पापक्षालनाला, कोणी नुसतंच चार लोकांबरोबर हिंडायला. परतताना टोपीला लावायला शिशा-कथलाचा बिल्ला घ्यायचा, पवित्र पाण्याची छोटी कुपी घ्यायची, आणि समाधीपाशी ऐपतीप्रमाणे काहीतरी ठेवायचं.

हे उत्पन्न इतकं डोळ्यांत भरणारं होतं की आपल्याकडेही एखादा संत असावा असं दुसऱ्यांना वाटणं साहजिकच होतं. रॉचेस्टरला तो आयताच मिळाला. स्कॉटलंडमधल्या पर्थचा विल्यम नावाचा एक बेकर यात्रेला निघाला असताना १२०१ मध्ये रॉचेस्टरजवळ मारला गेला. त्याला कॅथीड्रलमध्ये पुरलं, चमत्कारांची बोलवा झाली, दानाचा ओघ सुरू झाला. त्याच्या समाधीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या पावलांनी मधोमध इतक्या झिजल्या की आता त्यांच्यावर लाकडी पायऱ्या बसवल्या आहेत. ग्लॉस्टरच्या मठाने तर १३२७ मध्ये पदच्युत होऊन मेलेल्या दुसऱ्या एडवर्डचं शव आपल्याकडे घेतलं. हा राजा काही संत नव्हता, पण लोक त्याच्याही थडग्याला येऊ लागले, आणि तिथल्या भव्य पुनर्बांधणीला त्या दानाचा हातभार लागला असं परंपरेने सांगतात.

पोपशी फारकत घेतलेल्या आठव्या हेन्री राजाने हे सगळं मोडलं. १५३८ मध्ये बेकेट यांची समाधी फोडून त्यावरचं सोनं-रत्नं राजाच्या खजिन्यात गेली. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत देशातले मठ बंद झाले. गंमत अशी की याच धामधुमीत काही इमारती वाचल्या त्या कॅथीड्रल करून टाकल्यामुळे. ग्लॉस्टर, पीटरबरो, चेस्टर ही मुळात मठांची चर्च. ट्यूक्सबरीच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, तेव्हा गावकऱ्यांनीच राजाला ४५३ पौंड मोजून आपलं चर्च विकत घेतलं. किंमत ठरली होती घंटा आणि छतावरच्या शिशाच्या मोलावर. दगडी इमारत जणू फुकटच!

पुढच्या शतकात यादवी युद्धाच्या वेळी प्युरिटनांनी, म्हणजे मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, उरलीसुरली चित्रं-शिल्पं फोडली. विल्यम डाउझिंग हा गृहस्थ १६४३-४४ मध्ये सफोक आणि केंब्रिजशर परगण्यांतल्या चर्चमध्ये जाऊन काय काय मोडलं याची रोजनिशी ठेवत हिंडत होता. ईली कॅथीड्रलच्या लेडी चॅपेलमधल्या, म्हणजे मेरीच्या नावाच्या प्रार्थनागृहातल्या, मूर्तींची मुंडकी मात्र त्याआधीच, आठव्या हेन्रीपासून सुरू झालेल्या धर्मसुधारणेच्या काळात उडाली होती. तिथे भिंतीलगत चालत गेलं की कोनाड्यांमधून ओळीने बिनडोक्याच्या आकृत्या दिसतात. कापडाच्या चुण्या मात्र दगडात अजून शाबूत. इंग्लंडच्या चर्चमध्ये आत आल्यावर जो पांढरा, रिकामा उजेड जाणवतो, त्यातला बराचसा या मोडतोडीने आणि चुन्याच्या हातांनी आलेला आहे. मुळात या भिंती रंगीत होत्या.

यात्रा गेली, पण बघे आलेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट पॉल्सच्या दारात दोन पेन्स द्यावे लागत. इतरत्र व्हर्जर नावाचा सेवक किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चाले, ठरलेलं ठरावीक सांगे आणि शेवटी हात पुढे करी. रेल्वे आल्यावर ही गर्दी वाढली. त्याच सुमारास, १८४० च्या कायद्याने, कॅथीड्रल्सच्या जमिनींचं पुष्कळसं उत्पन्न काढून घेऊन नव्या औद्योगिक शहरांतल्या चर्चकडे वळवलं. निर्णय न्याय्यच होता, पण छपराची डागडुजी कुठून करायची हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

डागडुजीचेही वाद झाले. व्हिक्टोरियन वास्तुविशारद ‘जीर्णोद्धार’ म्हणत जुनं खरवडून नवं मध्ययुगीन बसवत. ट्यूक्सबरीत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट असंच काम करणार हे वाचून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस संतापले आणि १८७७ मध्ये त्यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. बदलू नका, फक्त सांभाळा, हा तिचा आग्रह आज जगभर मान्य आहे.

आणि मग आले चेस्टर कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, फ्रँक बेनेट. १९२० च्या दशकात त्यांनी प्रवेशाचे पैसे बंद करून दारं उघडी टाकली. त्यांचा अनुभव असा की ऐच्छिक देणगीतून जास्त पैसे जमले. बाकीच्यांनीही तोच मार्ग धरला. आज आपल्याला जे ‘पूर्वीचं, भाविक, विनातिकीट’ वाटतं ते बहुतांशी या माणसाचं देणं.

ते फार टिकलं नाही. ईलीने १९८० च्या दशकात पुन्हा शुल्क लावलं, सेंट पॉल्सने १९९१ मध्ये. चर्च ऑफ इंग्लंड राजमान्य असलं तरी त्याच्या इमारतींच्या देखभालीला सरकारकडून नियमित पैसा मिळत नाही, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. गावच्या चर्चची स्थिती याहून नाजूक. भाविकच न उरलेल्या चर्चसाठी १९६९ मध्ये वेगळा निधी उभारला गेला, आणि त्यातून घडलेली संस्था आज साडेतीनशेहून अधिक जुन्या चर्च सांभाळते. तिथे तिकीटखिडकी नसते. भिंतीत बसवलेली लोखंडी दानपेटी असते आणि टेबलावर अभिप्रायाची वही.

मोठ्या कॅथीड्रल्समध्ये संध्याकाळी, साधारण साडेपाचच्या सुमारास, ईव्हनसाँग ही गायनप्रार्थना होते. तिकीटखिडकी तोवर मिटलेली असते आणि दारातला माणूस फक्त इतकंच विचारतो, ‘प्रार्थनेला ना?’